बिनप्रार्थनेची दुरडी

देव आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मी एकदा सोलापुरात, भवानी पेठेतल्या आमच्या राहत्या घरी, दोन दुरड्यांत ज्वारी पेरली होती.

यात विचित्र वाटण्यासारखं बरंच काही आहे, हे मला मान्य आहे. पण तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, तत्त्वज्ञानाचा एम.ए. होतो आणि शाळेत टेंपररी होतो. या तीन गोष्टी एकाच माणसात एकत्र आल्या की तो काय करून बसेल याचा नेम नसतो.

टेंपररी म्हणजे असं, की दर एप्रिलमध्ये शाळा मला हार घालून निरोप द्यायची आणि जूनमध्ये परत बोलावून घ्यायची. असे तीन हार झाले होते. (पहिल्या वर्षी भाषण करताना माझा कंठ दाटून आला होता. तिसऱ्या वर्षी हार आणायची आठवण शिपायाला मीच केली.) शाळेचं एक वेळ ठीक, पण या हारांमुळे माझ्या गळ्यात दुसरा कुठलाच हार पडेना. अक्कलकोटकडची स्थळं यायची, अव्वा म्हणजे माझी आई त्यांना चहा द्यायची, आणि कप खाली ठेवता ठेवता मुलीचा बाप विचारायचा,

"मास्तर कायम हायेत न्हवं?"

"हायेत की," अव्वा म्हणायची. "म्हंजी, होतेत."

"कवा?"

इथं अव्वा आत जाऊन आणखी चहा टाकायची. चहा संपला की स्थळही संपायचं.

शाळेत मला भूगोल होता, नागरिकशास्त्र होतं, आणि शनिवारी नववीला 'धर्मविचार' नावाचा एक विषय होता. हा विषय आमच्या हेडमास्तरांनी स्वतः काढलेला. शाळेत तत्त्वज्ञानाचा एम.ए. आहे आणि तो नुसत्या नद्या शिकवतोय, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. मग विश्वाला कुणी कर्ता आहे का, देव चांगला असेल तर जगात दुःख का, प्रार्थनेनं फळ मिळतं का, असले प्रश्न मी चौदा वर्षांच्या पोरांना दोन्ही बाजूंनी शिकवू लागलो. पोरांना विषय आवडायचा, कारण त्यात पाठ करायला सनावळ्या नव्हत्या.

सहामाही जवळ आली आणि उजळणी सुरू झाली. पहिल्या बाकावर पद्मा बसायची. यंत्रमागवाल्याची पोरगी, घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हीत सारखीच हट्टी. ती उभी राहिली.

"सर, प्रार्थना केली की फळ मिळतं, ह्याला पुरावा काय?"

"मी वहीत लिहून दिलेत ना मुद्दे."

"ते तुम्ही लिहून दिलंय ओ सर. पुरावा काय?"

मागून सिद्धार्थ कांबळे उठला. त्याचे वडील रेल्वेत होते आणि घरी रोज बुद्धवंदना व्हायची. हा मुलगा नेहमी शांतपणे, हात मागे बांधून बोलायचा आणि हमखास माझी अडचण करायचा.

"आणि सर, प्रार्थना न करता मिळालं, तर ते कशामुळं म्हणायचं?"

मी खडू खाली ठेवला. माझ्या अंगात एकदम शास्त्रज्ञ शिरला. "प्रयोग करू!" मी म्हणालो. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या प्रकरणात मला मिळालेल्या त्या शेवटच्या टाळ्या.

प्रयोग अगदी सोपा होता. दोन दुरड्या, सारखी माती, मोजून सारखी ज्वारी, सारखं पाणी. 'अ' दुरडीसाठी पाच मुलांनी रोज दोन मिनिटं प्रार्थना करायची, ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या रीतीनं. 'ब' दुरडीसाठी कुणीही काहीही मागायचं नाही. शाळेत शिपायाची शेळी होती, म्हणून दुरड्या माझ्या घरी, रस्त्याकडच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवायच्या. सकाळच्या मिलच्या भोंग्याला मुलांनी यायचं, प्रार्थना करायची, नोंद करायची आणि मग अर्धा तास उजळणी. प्रयोगवही पद्माकडे. तिला मी बजावून सांगितलं,

"जे दिसेल ते लिहायचं. माणूस ओळखीचा आहे म्हणून गाळायचं नाही. आणि आपण बघतोय हे कुणाला कळू द्यायचं नाही."

(या वाक्याचा मला पुढं जितका पश्चात्ताप झाला, तितका आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच वाक्याचा झाला नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुरड्यांत माती भरली, ज्वारी पेरली, खडूनं 'अ' आणि 'ब' लिहिलं आणि हात धुवायला मागं गेलो. येऊन बघतो तर अव्वा डोक्यावर पदर घेऊन खिडकीपुढं उभी! बाजूला मंद्रूपहून नवरात्रासाठी आलेली आत्या. दोघींचे डोळे भरून आलेले.

"शिवू," अव्वा म्हणाली, "तू घट बसवलास व्हय रे बाळा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घटस्थापना होती! सगळं सोलापूर घरोघरी मातीत धान्य पेरत होतं, आणि त्याच मुहूर्तावर मीही पेरलं होतं. नास्तिक म्हणून घरात बदनाम असलेल्या पोरानं, न सांगता, एक सोडून दोन घट बसवले होते!

"हे घट नाहीत अव्वा. प्रयोग आहे. ही 'अ', हिच्यासाठी मुलं प्रार्थना करणार. आणि ही 'ब', हिच्यासाठी कुणी करायची नाही."

"हिला माळ?"

"नाही."

"दिवा?"

"नाही."

"आनी पूजा?"

"अगं, तेच तर बघायचंय! ही कंट्रोल आहे."

"कंट्रोलची असू दे न्हाय तर शेतातली असू दे," आत्या म्हणाली, "पेरली न्हवं मातीत? आज पेरली न्हवं? मग घटच की त्यो! नवरात्रात घरात घट बसवून उपाशी ठिवायचा? असलं आमच्या सात पिढ्यांत कुनी केलं न्हाय."

मी दोघींना समोर बसवून अर्धा तास प्रयोगाची पद्धत समजावून सांगितली. दोघींनी मान डोलावली. अव्वा शेवटी एवढंच म्हणाली, "बिचारी गं!" ती 'ब' दुरडीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या संस्थेच्या चेअरमननी मला दुकानात बोलावलं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पेठेत सुताचं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि आवाज असा की सूत न मोजता गिऱ्हाईक गप घेऊन जावं.

"मास्तर, तुम्ही देवाची परीक्षा घेताय म्हणं."

"देवाची नाही अण्णा. प्रार्थनेची."

"एकच झालं की ओ. पास किती मार्काला?"

अण्णांनी ड्रॉवर उघडून एक टाइप केलेला कागद मला लांबून दाखवला. "तुमची कायमची ऑर्डर. सही तेवढी राहिलीय. मी खंडेनवमीला येतो बघायला. प्रार्थनेची दुरडी वर आली, तर सही करतो. बिनप्रार्थनेची वर आली, तर एप्रिलची वाट न बघता हार घालतो. चालतंय?"

अशा वेळी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.नं ठामपणे सांगायला हवं होतं, की निकाल आधी ठरवून प्रयोग होत नसतो. मी म्हणालो, "चालतंय."

तिसऱ्या दिवशी मोड आले. पाचही मुलं 'अ' पुढं रांगेत उभी राहायची. पद्मा आपल्या कुळाच्या मार्कंडेयाला हात जोडायची. मुमताज डोक्यावर ओढणी घेऊन दुआ मागायची. सिद्धार्थ म्हणाला, "सर, आमच्यात ज्वारीसाठी कुणाकडं मागत नाहीत. मी नुसतं तिचं मंगल चिंततो. चालेल?" मी म्हणालो, चालेल. मला तर तेव्हा काहीही चाललं असतं, पण 'अ' वर यायला हवी होती.

चौथ्या दिवशी सकाळी 'ब' दुरडी 'अ'पेक्षा बोटभर उंच होती!

मी खाली वाकून बघितलं. दुरडीच्या काठावर हळदीकुंकू.

"अव्वा!"

"मी पूजा न्हाय केली," अव्वा आतूनच म्हणाली. "कुंकू तेवढं लावलं."

"आणि हे पाणी?"

"कुंकू लावल्यावर पानी शिंपडावं लागतंय."

"आणि हात जोडलेस?"

"मग काय मागं बांधू?"

"काय मागितलंस तिच्याकडे?"

अव्वा बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "तुजी नोकरी कायम हू दे म्हून सांगितलं. आनी काय मागनार मी?"

मी कायम व्हावं म्हणून ती ज्या दुरडीला साकडं घालत होती, ती दुरडी जितकी वर येईल तितका मी घरी बसणार होतो! हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आता काय, उगवू नको म्हनू तिला?" ती म्हणाली. "असं कुटं म्हनायचं असतंय?"

"'अ'ला सांग ना तुझं काय ते!"

"त्या घटाला पोरं हायेत की पाच. हिला कोन हाय?"

या युक्तिवादाला पाश्चात्त्य किंवा भारतीय, कुठल्याच दर्शनात उत्तर नाही. निदान माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

निदान पाणी शिंपडणार नाही, असं अव्वाकडून कबूल करून घेतलं आणि मला वाटलं, बंदोबस्त झाला. पण पाचव्या दिवशी 'ब' दोन बोटं पुढं! बघतो तर मातीत काळ्या लेंड्या. आत्यानं पेठेतल्या कुठल्याशा शेळीच्या मागं फिरून त्या गोळा केल्या होत्या. "मी मागितलं न्हाय काय बी," आत्या म्हणाली. "खत घातलं. खत घालाया देवाची परवानगी लागती व्हय?" आत्या शेतकरीण. मंद्रूपची दहा एकर ती एकटी बघायची. तिच्या नजरेसमोर ज्वारी कोमेजलेली तिला चालायची नाही, मग त्यात माझी नोकरी गेली तरी बेहत्तर.

मी ठरवलं, 'ब' उचलून वर माळवदावर ठेवायची. मी दुरडीला हात लावला मात्र, आणि घरात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या घरातला माग थांबला!

"घट हलवतोयस?" आत्या किंचाळली. "उठायच्या आदी घट हलवतोयस? कुळाचं काय करायचं ठरवलंयस तू?"

आमचे अप्पा, म्हणजे वडील, मिलमध्ये टाइमकीपर होते. ते कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसत. तेसुद्धा पेपर खाली करून म्हणाले, "शिवू, ठिव ते खाली." मी ठेवलं.

पण माग थांबला ते फार वाईट झालं. कारण मागावरची माणसं बाहेर आली, त्यांनी काय झालं विचारलं, आणि आत्यानं ते सविस्तर सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत बातमी, की मास्तरांच्या घरी एक घट बसलाय, त्याची पूजा करायला मास्तरांनी बंदी घातलीय, आणि तरीसुद्धा तो सगळ्यांच्या घटांपेक्षा उंच उगवतोय!

सहाव्या दिवशी बायकांची रांग लागली.

"उपाशी घट हितंच न्हवं का ओ?"

"पूजा करायची नाही, बाई!" मी दारात हात पसरून उभा राहिलो. "प्रयोग आहे!"

"पूजा कोन करतंय? माळ तेवढी सोडते आनी जाते."

दुपारपर्यंत 'ब'वर इतक्या माळा चढल्या, की दुरडी दिसेना. कुणी खिडकीत समई लावून गेलं. एकीनं तर मूल होऊ दे म्हणून नवस बोलला. साऱ्या जगात जिच्यासाठी प्रार्थना करायची नाही असं मी ठरवलं होतं, ती दुरडी भवानी पेठेतलं सगळ्यात जागृत देवस्थान झाली होती! आणि शेजारी 'अ' केविलवाणी उभी. तिच्यापुढं माझी पाच मुलं, तीही माना तिरक्या करून 'ब'कडे बघत.

"सर," पद्मानं विचारलं, "ह्या बायकांचं पण लिहायचं वहीत?"

"लिही," मी कपाळावर हात मारून म्हणालो. "जे दिसेल ते लिही."

सातव्या दिवशी सकाळी, भोंग्याआधी, घरात कुणी उठलेलं नसताना मी काय केलं, ते मी इथं सांगत नाही. (ते पुढं पेठेसमोर वाचून दाखवण्यात आलं. तेव्हा तुम्हालाही कळेलच.)

आठव्या दिवशी 'अ'ची पाती पिवळी पडली. नवव्या दिवशी ती करपली. चुलीजवळ ठेवल्यासारखी शेंड्यापासून मुळापर्यंत वाळून, आडवी झाली.

खंडेनवमीला सकाळी अण्णा आले. दुरडी शाळेत नेऊन दाखवायची माझी इच्छा होती, म्हणजे निदान अपमान शाळेत झाला असता. पण घट हलवायचा नव्हता. हेडमास्तर आले, आमची पाच मुलं आली, आणि आमच्या सोप्यात जेवढी पेठ मावेल तेवढी आली. उरलेली खिडकीतून बघत होती.

अण्णांनी चपला काढल्या, आत आले, आणि समोर माळा, समई, कुंकू आणि वीतभर हिरवीगार ज्वारी बघून त्यांनी सवयीनं दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलवले. पद्मानं मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहिलं.

"वा! वा मास्तर!" अण्णा डोळे उघडून म्हणाले. "प्रार्थनेची दुरडी काय उगवलीय ओ! आणि ही वाळलेली बिनप्रार्थनेची. बगा, मी म्हणलो न्हवतो?"

मला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. खडूचं अक्षर माळांखाली झाकलेलं होतं. कागद अण्णांच्या कोटाच्या खिशात होता, त्याचा कोपरा बाहेर दिसत होता. अव्वा माझ्याकडे बघत होती. मी गप्प बसलोच. अगदी मनापासून गप्प बसलो.

"नाही ओ अण्णा," सिद्धार्थ हात मागे बांधून म्हणाला. "उगवलेली ती बिनप्रार्थनेची. वाळलेली प्रार्थनेची."

अण्णांचा चेहरा बदलला. "म्हंजी?"

"पण तसं पण नाही," पद्मा उठून म्हणाली. "वाचू का, सर? सगळं लिहिलंय."

माझ्या तोंडून हो-नाही निघायच्या आत तिनं वाचायला सुरुवात केली. धडा वाचावा तसं, खणखणीत आवाजात.

"दिवस चौथा. सरांच्या आईंनी 'ब'ला कुंकू लावले, पाणी घातले व म्हणाल्या, माझ्या लेकाची नोकरी कायम कर. दिवस पाचवा. सरांच्या आत्यांनी 'ब'ला लेंडीखत घातले व म्हणाल्या, पोरगं कायम झालं की तुझी ओटी भरीन."

"आत्या!" मी म्हणालो. "तू म्हणालीस की काही मागितलं नाही!"

"खत घालताना न्हाय मागितलं. नंतर मागितलं."

"दिवस पाचवा, संध्याकाळ," पद्मा पुढं वाचू लागली. "सरांच्या वडिलांनी आपल्या लिंगपूजेचे पाणी 'ब'मध्ये ओतले. इकडेतिकडे पाहिले. मग म्हणाले, मी कधी काय मागत न्हाय. पण पोरगं तसं वाईट न्हाय."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला होता. त्या दिवशी पेपर आला नव्हता, तो आदल्या दिवशीचा होता. सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल अप्पा काय बोलले ते मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही एका दुरडीच्या मध्यस्थीनं. तो क्षण मला आणखी थोडा वेळ हवा होता. पण पद्मानं पान उलटलं.

"दिवस सातवा. सकाळ, भोंग्याआधी. मी रोजच्यासारखी लवकर येऊन खिडकीखाली कट्ट्यावर बसले होते. सर एकटे आले. त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला व मूठभर पांढरे दाणे 'अ'मध्ये टाकले. साखर असावी."

"युरिया!" आत्या ओरडली. "माज्या शेताला न्यायला घेतलेला युरिया! मूठभर घातलास? एवढ्याशा दुरडीला? अरं, चिमूट घालत्यात चिमूट! जाळलीस की रं ज्वारी!"

"मग," पद्मा म्हणाली, "सरांनी इकडेतिकडे पाहून हात जोडले, डोके टेकवले आणि म्हणाले, आई भवानी, एवढी ही दुरडी वर काढ. मला कायम कर. मी पुन्हा कधी तू आहेस की नाहीस हा प्रश्न परीक्षेत घालणार नाही."

सबंध पेठ हसली. खिडकीबाहेरची माणसं हसली, हेडमास्तर हसले, अव्वा तोंडाला पदर लावून हसली. मी तेवढा हसत नव्हतो. तत्त्वज्ञानाचा एम.ए., धर्मविचाराचा शिक्षक, एकाच सकाळी नास्तिक म्हणूनही उघडा पडलो होतो, आस्तिक म्हणूनही आणि शेतकरी म्हणूनही!

"शेवटची नोंद," पद्मा म्हणाली. "दिवस नववा. चेअरमन साहेबांनी 'ब'ला हात जोडले."

आता अण्णाही हसले. मग त्यांनी हसू आवरलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, हे खरं हाय?"

"कुठलं, अण्णा?"

"युरियाचं."

"खरं आहे."

"आणि हात जोडल्याचं?"

मी पोरांकडे बघितलं. पाचही जण माझ्याकडे बघत होती, उजळणीच्या वेळी बघायची तशी, उत्तराची वाट बघत. "तेही खरं आहे," मी म्हणालो. "भीती वाटली होती."

अण्णा हळूच माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "मी बी रोज पूजा करतो मास्तर. आणि दुकानात बसलो की मापात थोडा युरिया घालतोच. पण माजी वही कोण लिहीत न्हाय ओ. तुमच्या पोरांनी चेअरमनला बी सोडलं न्हाय. असलं शिकवणारा मास्तर सोडायचा म्हंजी..." त्यांनी खिशातून कागद काढला, आमच्या खिडकीतच ठेवला आणि सही केली. समईजवळ ठेवल्यामुळे त्यावर तेलाचा डाग पडला. तो अजून आहे.

"एक अट," अण्णा मोठ्यानं म्हणाले. "भूगोल शिकवा, नागरिकशास्त्र शिकवा. पण देव आणि झाडं, ह्या दोन्हीला पुन्हा हात लावायचा न्हाय."

"बग!" अव्वा डोळे पुसत म्हणाली. "ऐकलं की न्हाय तिनं?"

"कुणी ऐकलं? 'अ'नं की 'ब'नं?" मी विचारलं.

"तुला कायम केलं न्हवं? मग गप बस की आता."

सिद्धार्थ पुढं आला. "सर, तुम्ही 'अ'कडं नोकरी मागितली. 'अ' जळाली, पण नोकरी मिळाली. हा पुरावा धरायचा का?"

मी तोंड उघडलं. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. पण समोर अव्वा होती, हातात सही झालेली ऑर्डर होती, आणि अप्पा पेपरच्या कडेवरून माझ्याकडे बघत होते. "परीक्षेनंतर सांगतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अव्वानं 'ब'मधली पाती उपटून माझ्या टोपीत खोवली, आणि मी ती काढली नाही.

सहामाहीचं वेळापत्रक आधीच लागलं होतं, म्हणून धर्मविचाराचा तो एक शेवटचा पेपर झाला. देव आहे की नाही हा प्रश्न मी घातला नाही. (भवानीला दिलेला शब्द होता!) त्याऐवजी घातला, 'प्रार्थनेच्या प्रयोगात कोणते दोष राहिले ते लिहा. गुण दहा.'

वर्गातल्या बाकीच्यांनी दोन-दोन पानं लिहिली. पद्मानं एकच ओळ लिहिली, 'प्रयोगात एकच दोष होता, तो म्हणजे सर.'

मी लाल पेन उचललं. उत्तर फार त्रोटक होतं, मुद्दे नव्हते, स्पष्टीकरण नव्हतं. चार गुण द्यावेत असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. मग मला आठवलं, की प्रयोगवही अजून तिच्याच घरी आहे आणि अक्कलकोटची मंडळी स्थळ घेऊन रविवारी परत येणार आहेत.

मी दहापैकी दहा दिले.